आतून लागलेला दिवा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी कामावर जातो म्हणणाऱ्याला खानदेशात लोक वेड्यात काढतात. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, निंबाच्या फांद्यांना झोके बांधलेले, घरोघरी मांडे आणि आमरस. अशा दिवशी हिलाल पाटील धुळ्यातल्या स्कॅन सेंटरच्या किल्ल्या खिशात घालून सायकलवर निघाला. डोक्याच्या आतला फोटो काढणारं ते मशीन त्या काळात, म्हणजे नव्वद सालानंतरच्या पाच-सहा वर्षांत, सगळ्या जिल्ह्याला नवलाचं होतं. आणि ते चालवणारा आता तो एकटाच उरला होता.

ज्यांनी त्याला हे काम शिकवलं ते तोतारामनाना गेल्या पावसाळ्यात वारले. नाना कॉम्प्युटरचा कीबोर्ड एका बोटाने बडवायचे. ठक्‌… ठक्‌… एक अक्षर शोधायचं, चष्मा वर करायचा, मग दुसरं. हिलाल हसायचा त्यांना. पण पेशंटशी बोलावं तर नानांनीच. काचेच्या अलीकडे कॉम्प्युटर, पलीकडे मशीन, आणि मध्ये बोलायला इंटरकॉम. आतून कुणी बोललं की त्याच्यावर बारीक तांबडा दिवा लागायचा. खेड्यातली माणसं त्या गोल भोकात शिरायला घाबरायची, तेव्हा नाना इंटरकॉमवर हळूच म्हणायचे, "घाबरू नको माय. हालू नको. मी आठेच शे." आणि नाना इथेच आहेत एवढ्या धीरावर माणूस खरंच शांत पडून राहायचा.

नानांना मूलबाळ नव्हतं. मेल्यानंतरची ही त्यांची पहिली आखाजी, म्हणून हिलालने कुंभाराकडून वारलेल्या बापाच्या नावाच्या घागरीबरोबर आणखी एक लहानशी घागर आणली होती. सकाळी आईने ती बाजूला सारली.

"नाना आपला भाऊबंदमा नही शे," ती म्हणाली. "त्यासनी घागर आपन कसी भरानी?"

आखाजीला पितर पाणी प्यायला दारी येतात आणि आपल्याच घरची घागर पितात, अशी तिची समजूत. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. बापाच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून त्याने पाया पडून घेतलं, पण मनाला ते लागून राहिलं. ती रिकामी घागर त्याने पिशवीत घालून सेंटरवर आणली आणि खिडकीत ठेवून दिली.

ऊन असं तापलं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. भर दुपारी एक जीप फाटकात शिरली.

मागच्या सीटवर धनसिंग नावाचा शेतकरी, त्याची बायको भिकुबाई, आणि तिच्या मांडीवर त्यांची लेक इंदू. लग्नानंतरची पहिली आखाजी करायला माहेरी आलेली. झोका उंच गेला असताना दोर तुटला आणि पोरीचं डोकं दगडावर आपटलं. आधी उलट्या झाल्या, मग शुद्ध हरपली. आता ती डोळे मिटूनच हातपाय झाडत होती. शेजारच्या दवाखान्यातून डॉक्टर निर्मलकुमार धावत आले. त्यांनी तिला तपासलं आणि हिलालला बाजूला घेतलं.

"डोक्यात रक्त साकळतंय. कवटी उघडावी लागेल, पण कुठे उघडू ते कळायला हवं. नाशिकला न्यायला वेळ नाही. फोटो काढ लवकर, मी ऑपरेशनची तयारी करतो."

इंदूला टेबलावर पट्टे बांधून निजवलं, आई-बापाला बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. दुसऱ्या क्षणाला आली. पण तेवढ्या झटक्याने कॉम्प्युटर बंद पडून आपोआप पुन्हा सुरू झाला. पडद्यावर तेच नेहमीचे दोन प्रश्न आले, नाव काय आणि पासवर्ड काय.

हिलालने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीनने नाकारलं. घाईत चुकलं असेल म्हणून त्याने एकेक अक्षर बघून पुन्हा टाकलं. पुन्हा नकार. मोठ्या अक्षरांचं बटण दाबलं गेलंय का पाहिलं, कीबोर्डची वायर काढून घातली, सगळं बंद करून परत चालू केलं. पण नकार तो नकारच! मग त्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं आणि तो चक्रावला. तारीख काही वर्षं मागची होती.

त्याने मुंबईच्या इंजिनीयरच्या घरी फोन लावला.

"आतल्या घड्याळाचा सेल मेला," इंजिनीयर म्हणाला. "लाईट गेल्यावर तारीख मशीन बसवलं त्या दिवसावर गेली. त्या दिवशी तुमचं नाव मशीनमध्ये नव्हतंच, म्हणून ते तुम्हाला ओळखत नाही."

"मग तारीख बदलतो ना."

"त्यासाठी आधी आत शिरावं लागेल. त्या वेळी ऑपरेटर कोण होतं?"

"तोतारामनाना."

"बोलवा मग त्यांना. पासवर्ड त्यांनाच ठाऊक असणार."

"साहेब… नाना वारले."

"मग मला उद्या सकाळी यावं लागेल. आणि जपून हं. अंदाजाने काहीबाही टाकत बसलात तर ते कुणालाच आत घेणार नाही."

उद्या सकाळी! दाराच्या फटीतून धनसिंगने डोकं आत घातलं. "भाऊ… मनी पोर डोया उघाडी ना?"

"उघडेल आबा. बसा तुम्ही," हिलाल म्हणाला, आणि आपण खोटं बोलतोय असं वाटून त्याला रडू आलं. त्याने नानांचं नाव टाकलं. पासवर्ड म्हणून त्यांच्या बायकोचं, मंजुळाबाईचं नाव टाकून पाहिलं. नकार आला, आणि खाली ताकीद आली, की ही शेवटची संधी.

त्याने कीबोर्डवरून हात काढून घेतले. लाईटच्या त्या झटक्यानंतर वातानुकूलन बंदच पडलं होतं. काचेपलीकडे इंदूच्या पायांची झटापट तेवढी ऐकू येत होती, मग तीही थांबली. खोलीत एकाएकी वास पसरला. वाळ्याचा. नाना उन्हाळाभर मानेभोवती वाळ्याच्या पाण्यात भिजवलेला रुमाल ठेवायचे, अगदी तो वास.

इंटरकॉमचा तांबडा दिवा लागला होता.

इंदू बेशुद्ध होती. आत दुसरं कुणी नव्हतं. तरी त्या छोट्या जाळीतून श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, उन्हातून लांब चालत आल्यासारखा… मग कोरडा आवंढा गिळल्याचा आवाज.

"कोण… कोण आहे?"

"पानी…"

हिलालच्या अंगावर सर्रकन काटा आला. पळावंसं वाटलं, दार दोन हातांवर होतं. पण आत टेबलावर ती पोर होती. तो कसाबसा उठला, कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि खिडकीतल्या घागरीत ओतला. निम्मं पाणी चौकटीवर सांडलं.

"नाना," तो पुटपुटला, "भाऊबंद नाही मी तुमचा. पण भाकरी तुमच्या शिकवण्यावर खातो. प्या… आणि त्या पोरीकडे बघा."

त्याच्या पाठीमागे खुर्ची करकरली.

ठक्‌.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा… ठक्‌. एक बोट, सावकाश, अक्षर शोधत शोधत. हिलाल खिडकीचे गज धरून उभा राहिला. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. आवाज थांबले आणि मशीन घुमायला लागलं, तेव्हाच तो वळला.

खुर्ची रिकामी होती. पडद्यावर ऑपरेटर म्हणून तोताराम हे नाव होतं आणि त्याखाली मशीन पेशंटचं नाव विचारत होतं. कीबोर्डवर पाण्याचा एक थेंब पडला होता.

हिलालने नाव भरलं. फोटो निघेपर्यंत इंदू जराही हलली नाही. रक्त कुठे साकळलं होतं ते स्पष्ट दिसलं, उजव्या कानाच्या वर. फिल्म ओली असतानाच तो ती घेऊन धावला.

ऊन उतरलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि वाचली म्हणाले. धनसिंग जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडला. हिलालही रडला, उगाच चष्मा पुसल्यासारखं करत. परत आला तर घागर कोरडी ठणठणीत होती.

दुसऱ्या दिवशी इंजिनीयरने सेल बदलला, तारीख लावली. मशीनमधली नोंद बघून तो हसला. "पासवर्ड सापडला म्हणायचा तुम्हाला. पण हे तोताराम आत शिरले ते बाहेर पडलेलेच नाहीत. त्यांचं नाव काढून टाकू?"

"राहू द्या," हिलाल म्हणाला.

पुढच्या आखाजीला, त्या कोरड्या घागरीचं हिलालकडून ऐकलेल्या आईने आपणहून दोन घागरी मांडल्या. दुपारी इंदू सेंटरवर आली, नवऱ्याबरोबर, स्वतःच्या पायांनी चालत. तिच्या हातातही एक भरलेली घागर होती.

"त्या बाबासले देवानी शे," ती म्हणाली.

"कोणत्या बाबांना?"

"मना हात धरीसन बठेल व्हतात ना… आतमा." तिने काचेकडे बोट दाखवलं. "त्यासना हात वला व्हता."

ओला हात! नानांचं आणि त्या पाण्याचं तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. सांगणार कोण, आईशिवाय कुणाला ते ठाऊकच नव्हतं. हिलालने घागर घेतली आणि खिडकीत ठेवली. इंदू निघून गेली. रस्ता पुन्हा ओस पडला, झळा वाहत राहिल्या. काचेपलीकडे टेबल रिकामं होतं. हळूहळू खोलीत वाळ्याचा वास भरला, आणि तांबडा दिवा लागला.

"हिलाल," जाळीतून शांत आवाज आला. "मशीन चालू कर."

त्याने फाटकाकडे पाहिलं. कुणीही नव्हतं. तरी तो खुर्चीत बसला आणि बटणं दाबली. मशीन घुमायला लागलं, तापलं, तयार झालं.

आणि मग लांब, रस्त्याच्या वळणावर, घाईने येणाऱ्या जीपचा हॉर्न ऐकू आला.