सुकाणू भाविकाच्या हाती

"काळुरामची होडी आज नाय का?" धापा टाकत धक्क्यावर आलेल्या प्रणितने विचारलं.

"हाय की. ही काय समोर."

"आणि काळुराम?"

"हात मोडलाय त्यांचा. मी मुलगी त्यांची, भाविका. बसा."

धक्क्यावर बरीच माणसं उभी होती, पण पोरीच्या हातात सुकाणू बघून कोणी पाऊल टाकेना. पलीकडून त्याच्या कंपनीची धाटावची बस सुटायला आलेली. प्रणित एकटाच होडीत उतरला.

"पोहता येतं ना?" भाविकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं.

"नाय..."

"मग हलू नका."

खाडीवर वारा सुटला होता. कमरेला ओढणी गुंडाळून ती उभी होती, नजर पाण्यावर. मध्येच तिच्या ओठांवर हसू फुटलं — आणि प्रणित पलीकडचा काठ बघायचंच विसरला.

दुसऱ्या दिवशी तो कंपनीतल्या दोघांना घेऊन आला. मग कोळणी आल्या, शाळेची पोरं आली. होडी भरून जायला लागली. प्रणित मात्र रोज मागेच, इंजिनाजवळ.

"धूर लागतो तिथं. पुढं बसा ना."

"पुढून तुम्ही दिसत नाय..."

होडी जराशी तिरकी गेली. "पोरी, समोर बघ!" कोणीतरी ओरडलं.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एका सुट्टीच्या दिवशी तो डब्याशिवाय आला. होडीत दोघंच.

"आईला सांगितलं तुझ्याबद्दल. तिला तू पसंत हाय. पण —"

"पण काय?"

"लग्नानंतर होडी नको म्हणते. लोक नावं ठेवतील."

भाविकाने इंजिन बंद केलं. होडी ओहोटीबरोबर संथ वाहू लागली.

"आणि तू काय म्हणतोस?"

तो वाकून चपलेचा पट्टा नीट करू लागला.

"मला तू आवडतोस, प्रणित. खूप. पण होडी मी सोडणार नाय. बाबांनाही तेच सांगितलंय."

तिने इंजिन सुरू केलं, त्याला काठावर सोडलं. तो मागे न बघता गेला.

मग तो होडी टाळून रोह्याच्या पुलावरून कामाला जाऊ लागला. भाविकाचे डोळे भरून यायचे, पण तिची एकही फेरी चुकली नाही.

आणि एका सकाळी तो धक्क्यावर दिसला. सोबत त्याची आई, बायजाबाई. होडीची कड घट्ट धरून ती बसली. खाडीच्या मध्यावर तिने विचारलं, "पोटुशी असशील तवा काय करशील गो?"

"तेव्हा बाबा चालवतील, तोवर त्यांचा हात बरा होईल. नंतर परत मी."

बायजाबाईने कडेवरची पकड सैल केली.

"पेणला मिठागरात मी नववा महिना लागंपर्यंत राबले," ती हळूच म्हणाली. "तवा कोणी नावं ठेवली नाय. घरी ये गो जेवायला."

होडी काठाला लागताच ती उतरली. प्रणित रेंगाळला.

"मी आईला सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच... होडीसकट."

"एवढं बोलायला इतके दिवस लागले?"

"लागले," तो ओशाळून म्हणाला. "पण बोललो ना?"

भाविकाने मान वळवून डोळे पुसले.

"उतर आता. माणसं खोळंबलीत."

"आज मला शिफ्ट नाय."

"मला हाय," ती म्हणाली आणि दोर सोडता सोडता हसली. "शेवटच्या फेरीपर्यंत थांबशील?"