शिरोळच्या बाईचा छाप

चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. काच शेजारीच, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. आतला छाप तेवढा नव्हता.

अक्षता कांबळे हॉलमध्ये थबकली. संध्याकाळी तिच्या पहिल्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. जिल्ह्यातल्या नाना जातीधर्मांच्या बायकांचे चेहरे तिनं लाकडावर कोरून कागदावर छापले होते. धनगर, बागवान, लिंगायत, जैन, सगळ्या जागच्या जागी होत्या. गेली होती ती फक्त शिरोळची म्हातारी जोगतीण. डावा हात गालाला लावून बसलेली, मनगटावर गोंदलेला विंचू, गळ्यात मण्यांची माळ.

तिनं रखवालदाराला हाक मारली.

"गुंडूमामा, काल कुलूप कुणी लावलं?"

"मीच की. आज तुमच्यासमोरच काढलं."

"तुटलेलं तर नाही. मग चोर आला कुठून?"

"ते मला कसं ठावं, ताई?"

"चावी कुणाकडं असते?"

"एक माझ्याकडं, एक तुमच्याकडं हाय."

"माझी घरात खिळ्याला होती. म्हणजे राहिलात तुम्हीच!"

झाडणाऱ्या दोघी बायका हात थांबवून बघू लागल्या. गुंडूमामांचा चेहरा उतरला. "झडती घ्या माझी," एवढंच ते म्हणाले.

अक्षता तणतणत मंगळवार पेठेतल्या घरी आली. वडील प्रसेनजीत सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. लेकीच्या प्रदर्शनासाठी त्यांनी आज रजा टाकली होती.

"पप्पा, मी पोलिसांत जाणार."

"कशाला? कागदच तो. गरिबाची नोकरी जाईल."

"मग मी गप्प बसू? काल टांगताना तुम्ही बघितलंय. वर्णन सांगा, मी लिहिते."

ते डोळे मिटून सांगू लागले. "वृद्ध स्त्री. कपाळाला मळवट. उजव्या मनगटावर विंचवाचं गोंदण..."

तिनं ते तक्रारीच्या अर्जात लिहून घेतलं.

चौकीवर जाण्याआधी ती कॉलेजात गेली. निदान नवा छाप तरी काढावा. लाकडी ठसा पहिल्यापासून तिथल्याच कपाटात, तिच्या कुलपात होता. तिनं रूळ फिरवून शाई लावली, वर कागद ठेवला, चमच्यानं घासला आणि कागद उचलला.

छापात विंचू डाव्या हातावर. ठशावर उजव्या.

त्यात नवल काहीच नव्हतं. छापताना सगळं उलटं उमटतं. म्हणून तर ठशावर स्वतःचं नाव तिला उलटं कोरावं लागलं होतं. पण तिनं अर्ज काढला, पुन्हा वाचला आणि चौकीऐवजी घरची वाट धरली.

घरी येऊन ती वडिलांसमोर बसली.

"छाप तुम्ही नेलात, पप्पा."

"काय बोलतीस!"

"खिळ्यावरची चावी घरातलंच माणूस घेणार. काच कुणाच्या पायाला लागू नये म्हणून गुंडाळून ठेवली होती. एवढी काळजी चोर करत नाही. तरीही माझ्या डोक्यात तुम्ही आला नव्हतात. पण तुम्ही उजवं मनगट म्हणालात. तुम्ही बघितलेल्या छापात तर डावं आहे. उजवं आहे ते ठशावर, आणि ठसा तुम्ही कधी बघितलाच नाही. नाहीतर मग त्या बाईच्या हातावर. तुम्ही तिला ओळखता. कोण आहे ती?"

प्रसेनजीत उठले. कपाटातून धुतलेल्या चादरीत गुंडाळलेला छाप त्यांनी काढला.

"तानूआक्का. माझी सख्खी बहीण."

"तुमची बहीण लहानपणीच वारली ना?"

"तसं मी सांगितलं."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. धम्म घेण्याच्या कितीतरी आधी आजोबांनी थोरल्या लेकीला देवीला सोडलं होतं. दीक्षेनंतर घरातले देव नदीत गेले, आक्का मात्र तशीच राहिली. पुढच्या वर्षी प्रसेनजीत जन्मले. जोगवा मागून तिनं त्यांना शिकवलं. नोकरी लागली, लग्न ठरलं, आणि त्यांनी सासरी सांगून टाकलं, बहीण नाही. त्यानंतर ते कधी तिच्या दारात गेले नाहीत.

"आज कचेरीतली माणसं येणार होती, तुझ्या आईचं माहेर येणार होतं. तिला भिंतीवर बघितलं आणि लाज वाटली."

"तिची?"

"नेताना तिची. घरी आणून बघितलं, तेव्हा माझी."

अक्षताला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्या छापाखाली तिनं स्वतःच पट्टी लावली होती: 'जोगतीण, शिरोळ'. कसं बसायचं, हात कुठं ठेवायचा, सगळं तिनं म्हातारीला सांगितलं होतं. नाव विचारलं नव्हतं.

ती आधी हॉलवर गेली. त्याच दोघी बायकांसमोर तिनं गुंडूमामांपुढं हात जोडले. "चोरी माझ्या घरातनंच झाली, मामा. मी तुमच्यावर उगाच आळ घेतला."

"सकाळपास्नं ह्या माझ्याशी बोलल्या न्हाईत, ताई," ते म्हणाले आणि खुर्च्या मांडायला गेले.

छाप त्या दिवशी टांगला नाही. बाईला विचारल्याशिवाय टांगायचा नाही, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी बापलेक शिरोळला गेली.

तानूबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. अक्षताला बघून हसली. "आलीस व्हय, पोरी?" मग डोळ्यांवर हात धरून तिनं अक्षताच्या मागं बघितलं. "आन् ह्ये पावणं कोण?"

प्रसेनजीत अंगणातल्या उन्हातच थांबले. अक्षता बाजूला सरली. हे उत्तर त्यांनीच द्यायचं होतं.

म्हातारीनं सूप बाजूला सारून पोत्यावर जागा केली.

"उनात का हुबं? या पावणं, बसा."

ते उंबऱ्याशीच खाली बसले. मान काही केल्या वर येईना.