ओल्या मेंदीतली सही

“ही सही माझी नाही, मालिनीताई.”

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या घरात प्रांजलीने दार उघडल्या उघडल्या सांगितलं. डिटेक्टिव्ह मालिनी बूट काढेपर्यंत तिचा जोडीदार सुश्रुत सोफ्यावर बसलासुद्धा.

प्रांजलीच्या नवऱ्याचं, राजसचं, हॉटेल बुडालेलं. वसुलीवाले मागे. कर्जाला जामीन दोघं: मित्र उल्हास आणि राजसची बहीण भार्गवी. म्हणून घरकर्जाच्या व्याजाची करातली सूट प्रांजलीने स्वतःच्या नावावर घेतली. टॅक्सचा रिफंड तिला मिळणार, त्यातून ग्रोनिंगन विद्यापीठातल्या तिच्या कोर्सची फी. शनिवारी कुणीतरी सूट राजसच्या नावावर फिरवली. आता रिफंड वसुलीवाले उचलणार, जामिनांवरचा भार तेवढा हलका.

“सही दोघांची लागते,” सुश्रुत म्हणाला.

“माझा पिन अख्ख्या घराला माहितीय,” राजस म्हणाला. “फोन टेबलावरच लोळतो.”

“आणि माझ्या हातांवर ओली मेंदी होती,” प्रांजली म्हणाली. “शनिवारी इथेच मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. फोनला हात लावलाच नाही.”

“मग स्टेटसवर दोन्ही हातांचा फोटो?” मालिनीने विचारलं.

“कुणीतरी काढला. मी फोनचा पिन ओरडून सांगितला.”

“आणि डिगीडीचा, सरकारी ऑनलाइन सहीचा पिन?”

“तोच.”

“धन्य आहेस,” सुश्रुत म्हणाला.

उल्हासला किचनमध्ये गाठलं. “मी कोथिंबीर वड्या तळत होतो. हात पिठात. माझा फोन राजसने कानाला धरला. विचारा.” राजसने मान हलवली.

भार्गवी बसलीही नाही. “मी उशिरा आले. हिची मेंदी धुऊन झाली होती. हिला चार घास भरवले आणि निघाले.”

सुश्रुत हळूच म्हणाला, “दोघंही सुटले की.”

मालिनीने सगळ्यांना बाहेर बोलावलं.

“सही झाली तेव्हा मेंदी ओली होती. उल्हासचे हात पिठात. राहिल्या भार्गवीताई, त्या म्हणतात उशिरा आल्या. ताई, धुतलेल्या हातांच्या बाईला घास कशाला भरवलात?”



“ताईंनीच भरवलं,” प्रांजली सावकाश म्हणाली. “मेंदी ओली होती. फोनही त्यांच्याच मांडीवर होता.”

“जामीन मी आहे,” भार्गवी म्हणाली. “उद्या माझ्या दारात येतील ते.”

“माझ्याशी बोलायचं होतंत. मी काहीतरी दिलं असतं.”

“अजून वेळ गेलेली नाही,” मालिनी म्हणाली. “कराचा हिशेब पक्का होईपर्यंत सूट कुणाच्या नावावर ते बदलता येतं. पण राजसची सही लागेल.”

“राजस, विचार कर,” भार्गवी म्हणाली.

राजसने बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. “कर्ज माझं आहे, ताई. मी फेडेन. तिच्या फीतून नाही.”

त्याने फोन उचलला, सगळ्यांकडे पाठ केली आणि आधी पिन बदलला. मग सही केली.