मागचा जिना

हसू नकोस, मनन. श्रिया, मोबाइल ठेव बाजूला. माझ्या दोस्ताच्या, भगवंताच्या बाबतीत घडलंय हे.

भगवंत तीस वर्षं देवासला दमकलमध्ये, म्हणजे आगीच्या बंबावर होता, रिटायर झाल्यावर बागलीला राहायला गेला. मागच्या वर्षी गणपतीतली सहावी रात्र, पावणेनऊ वाजलेले. नात चिऊ नाटकाच्या तालमीला गेलेली, तिला आणायला तो मंडळाच्या हॉलवर निघाला.

हॉलचा वरचा मजला अख्खा सागवानी, मागे बाहेरून लाकडी जिना. मंडळाचा अध्यक्ष चिराग म्हणायचा, "भिया, लकडी है, माचिस की डिब्बी!" मग शहाण्यांनी काय करावं? तुळया झाकायला प्लास्टिकचं छत ठोकलं, आणि लाकडी जिना कोणी वापरू नये म्हणून जिन्याकडच्या दाराला बाहेरून फळ्या मारल्या.

भगवंताने डोकं फोडून घेतलं त्यांच्यापुढे. "अरे, जाड सागवान वरून कोळसा होतं, आतून शाबूत राहतं. माणूस मरतो धुराने! हॉल झाडणारी भवानीबाई कशाने गेली? नव्या सिमेंटच्या खोलीत गादी धुमसली आणि बाई गुदमरली." पण पालथ्या घड्यावर पाणी!

तर तो दारात पोचला आणि दिवे गेले. छतातली वायर जळली होती. पुढच्या जिन्यातून काळा धूर. वर अकरा पोरं. त्यात चिऊ.

तो चढला. चार पायऱ्या. श्वासच घेता येईना. हॉलच्या मागच्या बाजूला पळाला. पण ते दार तर... फळ्या... हातात पहारसुद्धा नाही.

वरून आवाज नाही. एकाही पोराचा नाही...

मग जिना करकरला.

पोरं उतरत होती. एकमेकांचे हात धरून. अकराच्या अकरा.

चिऊ म्हणाली, "आजोबा, त्या आजीने दार उघडलं. हिरवं लुगडं... कमरेला झाडू खोचलेला."

भगवंताने वर पाहिलं. दार सताड उघडं. कोणी... नाही.

आग विझली. छत वितळून गेलं होतं. तुळया जागच्या जागी. भगवंताने चाकूने काजळी खरवडली, आत पिवळंधमक लाकूड! आणि मंडळाने काय केलं? लाकूड धोक्याचं म्हणून जिनाच तोडला, दार विटांनी बुजवलं. माझं तर रक्त खवळतं रे!

आता तिथे सपाट भिंत आहे. खाली शिडी नाही, काही नाही. चिरागने तीनदा रंग मारलाय.

परवा मी स्वतः पाहून आलो. जमिनीपासून बारा फुटांवर, दार होतं तिथेच... काजळीचे दोन पंजे. भिंत ढकलल्यासारखे.