पार्ट आला नाही

न्हावऱ्याच्या एसटी थांब्याशेजारी हनुमंतचं दुकान आहे. गवत कापायची, फवारणीची, जी काही छोटी पेट्रोलची इंजिनं आसपासच्या वस्त्यांवर खोकत असतात, ती शेवटी त्याच्याच फळीवर येऊन पडतात. हनुमंतचं तोंड फटकळ, पण काम चोख. नवा पार्ट टाकला की जुना गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा आणि वर ऐकवायचं, "बघा, काय हाल केल्यात ह्याचे." झिजलेला तुकडा पाहून मशीन कोण वापरतं, कसं धरतं, हे तो सांगायचा. लोकांना त्याची मोठी गंमत वाटायची.

खुटबावहून थोरली बहीण म्हाळसा मशीन घेऊन आली, तेव्हा मात्र त्याला थट्टा सुचली नाही. तिचा नवरा हरिबा उन्हाळ्यात गेला होता. लसूणघासाच्या पट्टीत, हेच गवत कापायचं मशीन खांद्याला अडकवलेलं असताना. मशीन तसंच चालू राहिलं, म्हणून बराच वेळ कुणाला काही कळलंच नाही. मूलबाळ नव्हतं. घरात आता आक्का आणि दोन म्हशी.

त्या खेपेला इंजिन सुरू करायला ओढायची दोरी तुटली होती. हनुमंतने ती बदलली आणि उजव्या मुठीचं रबरही नवं घातलं. जुनं रबर हातात घेतल्यावर त्याला भरून आलं. दाजींची उजव्या हाताची शेवटची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली होती. रबर वरच्या बाजूला पार गुळगुळीत झालेलं, खाली मात्र कोरं करकरीत. तो तुकडा त्याने आक्काला दिला नाही, गुपचूप टाकून दिला.

दिवाळीच्या तोंडावर ती मशीन घेऊन पुन्हा आली. हनुमंतने मूठ पाहिली आणि त्याचा हात थांबला. नवं रबर अगदी तसंच झिजलेलं होतं.

"आक्का, कोण वापरतंय हे?"

"कुणी न्हाई."

"मग आपसूक झिजलं व्हय?"

म्हाळसाने पदर तोंडाशी धरला. "सकाळी उठले की गव्हाणीत घास पडलेला असतुया. मशीनच्या शेडला कुलूप लावते मी. कुलूप जसंच्या तसं असतंय." मग हळूच म्हणाली, "मी भीत न्हाई. काम करत्यात आन् जात्यात. पर आता मशीनच सुरू हुईना. आजच्या आज दे बाबा."

बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय, याबद्दल हनुमंतला शंका उरली नाही. चार दिवस मशीन नजरेआड राहिलं तर हे खूळ उतरेल, असं त्याला वाटलं. त्याने इंजिन उगाच हलवून पाहिलं आणि धंद्यातलं नेहमीचं वाक्य बोलून टाकलं.

"क्लच गेलाय. पार्ट आला न्हाई अजून."

क्लच त्याच्या मागच्याच खणात होता. हे वाक्य तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा. दुकानदारीत अशा वाक्याला कुणी खोटं म्हणत नाही.

म्हाळसाचा चेहरा उतरला. "दोरी तुटली हुती ना, तवा ह्ये अंगणापातूर आले हुते. काम न्हाई घावलं की घराकडं वळत्यात रं."

"मग ऱ्हा की हितंच."

"म्हशींचं कोण बघंल?" एवढंच म्हणून ती एसटीत बसली.

ती गेल्यावर हनुमंतने हाताला चाळा म्हणून इंजिन उघडलं. आतली पिस्टनची रिंग त्यानेच गुढीपाडव्याला नवी बसवली होती, दाजी हयात असताना. ती त्याने उजेडात धरली. कागदासारखी पातळ झालेली. रोज रानभर मशीन चालवलं तरी एवढी झीज व्हायला वर्षं लागली असती. झीज कधी खोटं बोलत नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. त्याने मूठ चाचपली. रबर घामाने ओलं होतं आणि कोमट होतं.

तो घाबरला. त्याने आक्काला फोन लावला, लावत राहिला. कुणी उचलला नाही. रात्री उशिरापर्यंत बसून त्याने क्लच बसवला, रिंग बदलली. सकाळी रस्त्यावर धुकं होतं. ते विरेपर्यंत थांबावं लागलं, आणि मशीन मोटारसायकलला बांधून तो निघाला, तेव्हा ऊन वर आलं होतं. पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्यांनी त्याला खोळंबून ठेवलं. सगळा वेळ त्याच्या डोक्यात एकच होतं, की आपण ते वाक्य बोलायला नको होतं.

वस्तीवर पोचला तेव्हा जेवणवेळ झाली होती. गव्हाण रिकामी. म्हशी मान वळवून घराच्या दाराकडे पाहत होत्या.

दार उघडं होतं.

हनुमंत आत गेला नाही. त्याने अंगणातच मशीन उभं केलं आणि दोरी ओढली. एका झटक्यात इंजिन सुरू झालं. तो दाराकडे पाहत उभा राहिला. आत खाट करकरली.

कुणी बाहेर आलं नाही.

त्याने मशीनची रेस आणखी वाढवली. आवाजाने म्हशी दावं ताणू लागल्या.

मग म्हाळसा उंबऱ्यात आली. केस विंचरलेले, लुगडं धुतलेलं.

"बंद कर ते," ती शांतपणे म्हणाली. "आता न्हाई जायचे ते रानात. हात धू आन् चल, जेवायचं थांबल्यात तुझ्यासाठी."

त्याने मशीन बंद केलं. आतल्या अंधारात तीन ताटं वाढलेली दिसत होती. मधल्या ताटातली भाकरी मोडलेली होती, आणि त्या तुकड्यातून अजून वाफ येत होती.