जुन्याच नावाचा राउटर

दुकानातला सगळ्यात मोठा, आठ अँटेनांचा राउटर तिने उचलला, तेव्हा काउंटरमागून कुणीतरी खाकरलं.

“घर किती मोठं आहे?”

“तीन खोल्या.”

“माणसं?”

“दोन. मी आणि सासूबाई.”

“मग हा आठ पायांचा कोळी कशाला पाळताय? तो शेजारचा लहान घ्या.”

“तुमच्या मालकांना कळलं तर नोकरी जाईल तुमची.”

“मालक मीच,” तो म्हणाला. “म्हणून तर दुकान चालत नाही.”

ती हसली... आणि स्वतःच दचकली. हसायची सवयच राहिली नव्हती. तीन वर्षांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत तिचा नवरा गेला. त्याने कपाटावर बसवलेला राउटर मात्र इमानेइतबारे चालत राहिला. पंधरा दिवसांपूर्वी तोही बंद पडला, आणि मागच्या खोलीत बसून मुलांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणाऱ्या तिचं काम अडलं.

रविवारी दुकानदार स्वतःच आला. लांब वायर सोडत, राउटर हातात धरून तो घरभर जागा शोधत हिंडला. मागच्या खोलीत फोन घेऊन ती उभी.

“किती रेघा?” भिंतीपलीकडून तो ओरडला.

“दोन!”

“आता?”

“दोनच!”

“नीट बघा हो, मी स्टुलावर एका पायावर उभा आहे!”

“मग दुसराही उचला!”

स्वयंपाकघरात सासूबाई खुदकन हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी कुणाला ओरडून काही सांगत होतं.

अखेर दारावरच्या फळीवर जागा ठरली. “नाव आणि पासवर्ड जुनेच देऊ,” तो म्हणाला. “म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तू आपोआप जोडल्या जातात. राउटर बदललाय हे त्यांना कळतसुद्धा नाही.”

पासवर्ड तिला ठाऊकच नव्हता. सगळं नवऱ्यानेच केलेलं. दुकानदाराने तो तिच्या लॅपटॉपमधून शोधून काढला आणि मोठ्याने वाचला.

“खारूताई... ही कोण हो?”

ती कामाच्या टेबलाच्या खणात शेंगदाणे लपवून ठेवायची, म्हणून नवरा तिला तसं म्हणायचा. तीन वर्षांत ती हाक कुणी मारली नव्हती. आज ती परक्या माणसाच्या तोंडून आली — आणि गोड लागली. तिला स्वतःचीच भीती वाटली.

“जुनंच ठेवा,” ती कशीबशी म्हणाली.

राउटरचा दिवा हिरवा झाला. त्याच क्षणी सासूबाईंच्या खोलीत एक फोन वाजला. पुन्हा वाजला, मग वाजतच राहिला. सासूबाई लगबगीने तो घेऊन बाहेर आल्या.

“लागला गं! त्याचा फोन लागला!”

पंधरा दिवसांच्या जाहिराती आणि निरोप, गेलेल्या माणसाच्या नावाने एकामागून एक येत होते. दुकानदाराने स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि चहासाठी न थांबता तो निघून गेला.

पण तो परत आला. एकदा दिवा नीट लागतोय का बघायला, एकदा वायरीला खिळे मारायला, नंतर नंतर तर काहीच निमित्त न काढता. दोन महिने असे गेले. एका संध्याकाळी जिन्यात तो थांबला.

“एक विचारायचं होतं...”

“नका विचारू.”

“का?”

“कारण मी हो म्हणेन.” तिने वर घराच्या दाराकडे पाहिलं. “आई रोज न चुकता तो फोन चार्जिंगला लावतात. त्यांच्यासमोर मी तुमचा हात कसा धरू — सांगा ना?”

तो एक पायरी खाली उतरला.

“मग आता मी येत नाही.”

“आणि राउटर बिघडला तर?”

“नाही बिघडणार,” तो म्हणाला. “चांगला दिलाय.”

खरंच, तो मेला राउटर बिघडला नाही. महिनाभर ती त्या हिरव्या दिव्याकडे बघत बसायची. मुद्रितांत चुका राहू लागल्या.

“दुकानदार फिरकला नाही हल्ली?” एका दुपारी सासूबाईंनी विचारलं.

“त्यांचं काय काम आता?”

“मला शिकवू नकोस. नाही म्हणालीस ना त्याला?”

तिने समोरची मुद्रितं उगाच सारखी केली.

“अगं, पण का?”

“तुमच्यासाठी, आई. तुम्ही तो फोन इतका जपता...”

“मी?” सासूबाई बघतच राहिल्या. “अगं, मी तो तुझ्यासाठी लावते चार्जिंगला! एकदा बंद पडला तेव्हा केवढी रडली होतीस तू. त्या दिवसापासून लावते. मला तर तो वाजलेला ऐकवत नाही गं...”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. एकाच घरात तीन वर्षं एकमेकींचं दुःख सांभाळत बसल्या होत्या, आणि एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं.

संध्याकाळी तिने दुकानात फोन केला.

“राउटरचं नाव बदलायचंय.”

मग तो हळूच म्हणाला, “सगळं पुन्हा जोडावं लागेल. एकेक करून.”

“चालेल. मला वेळ आहे.”

रविवारी त्याने लॅपटॉप जोडला, तिचा फोन जोडला, सासूबाईंचा जोडला. मग तिघांचीही नजर टेबलावर चार्जिंगला लावलेल्या तिसऱ्या फोनकडे गेली. तो वाजला नाही.

सासूबाईंनी चार्जरची पिन काढली, फोन तळहाताने पुसला आणि तिच्या हातात ठेवला. “तुझ्या खणात असू दे.”

शेंगदाण्यांच्या डब्याशेजारी तिने तो ठेवला. खण लोटला आणि तिथेच बसून ती रडली, त्याच्यादेखत, मुळीच न लपवता. तो फक्त शेजारी जमिनीवर बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “तुम्हाला हाक काय मारू मी?”

तिने डोळे पुसले.

“खारूताई सोडून... काहीही.”