उपाशी कौदी

कुणीतरी खोटं लिहिलं होतं. परत आलेल्या पार्सलवर निळ्या शाईत शेरा होता : 'घेण्यास नकार'. आईच्या हातची कौदी कुठली लेक नाकारेल?

शेजारच्या काशम्मांनी जुन्या इरकली लुगड्यांची ही कौदी, म्हणजे गोधडी, येणाऱ्या नातवंडासाठी शिवायला घेतली होती. लेक भुवनेश्वरी स्वतःच्या मनाने लग्न करून वळसंगला गेली, तेव्हापासून सहा वर्षं अबोला. "तोंडानं न्हाय जमत गं, समरा," त्या मला म्हणायच्या. "ही कौदीच बोलंल."

एकच कोपरा उघडा राहिला होता. त्यात भाकरीचा घास ठेवायचा आणि मगच शेवटचा टाका घालायचा, ही त्यांची रीत.

"मुंग्या लागतील, आज्जी!"

"लागू दे की. उपाशी कौदीत लेकराला झोप येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी काशम्मा गेल्या. लेक त्याच दिवशी बाळंत झाली, येऊ शकली नाही. आईचा राग कधीच सरला होता, हे तिला कळायलाच हवं होतं. माझा असल्या रीतींवर विश्वास नाही. मी कोपरा घाईने तसाच शिवला आणि कौदी पोस्टाने पाठवली.

"पत्ता तपासा," पोस्टातल्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. "बरोबर असेल तर पुन्हा पाठवा, नाहीतर स्वतः जाऊन या."

पत्ता काशम्मांच्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता, आणि किल्ली आमच्याकडे. दुपारी दोनला मी कुलूप काढलं. गल्ली उन्हात मुकी झाली होती. आत कोंदट अंधार. पार्सल खाटेवर ठेवून मी भिंतीजवळ गेले. पत्ता तोच होता.

मागे आवाज आला. थप… थप… थप…

भाकरी थापल्याचा.

वळून पाहिलं. ओटा रिकामा, धुळीने भरलेला. पण भाजल्या ज्वारीचा खरपूस वास दाटत चालला होता.

"आज्जी…?"

आवाज थांबला.

पार्सलचं सील शाबूत होतं. मी ते फोडलं. आत माझे सगळे टाके उसवलेले. कोपरा उघडा… वाट बघत असल्यासारखा.

भीती वाटली, खूप. तरी पळाले नाही. घरी जाऊन अम्मीने नुकतीच केलेली भाकरी आणली, चतकोर आत ठेवला आणि पुन्हा शिवलं. "झालं, आज्जी," मी म्हटलं. "जेवली ती."

सकाळच्या एसटीने वळसंग गाठलं. भुवनेश्वरीने कौदी उराशी धरली, लुगड्याचा वास घेतला आणि रडू लागली. "मी कशाला नको म्हणू? माझ्यापतूर आलंच न्हाय की गं!"

किरकिरणाऱ्या बाळाला तिने कौदीवर ठेवलं. ते लगेच झोपलं. तिने मला आईचं सगळं विचारून घेतलं, अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत.

तेवढ्यात दारावरून जाणारा पोस्टमन सायकल थांबवून आत डोकावला.

"पोचली व्हय कौदी? बरं झालं, ताई. त्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावर बसलेल्या आज्जींनी मला आतच येऊ दिलं न्हाय. 'कौदी परत न्या,' म्हणाल्या, 'अजून उपाशी हाय ती.'"